विश्लेषण : सैन्यातल्या बँडवाल्याची पत्रे का जपायला हवीत?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लष्कराचा बँड आला की सगळ्यांचे मोबाइल वर होतात. पण युद्ध सुरू झाल्यावर हे वादक काय करतात? याचे उत्तर अनेकदा घरच्यांना आलेल्या पत्रांत दडलेले असते. शहापूर-मुरबाडमधल्या ज्या घरांतून कुणी सैन्यात गेले असेल, त्यांनी माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा उघडायला हवी.

युद्धात वादकाचे काम काय?

लष्करी वादक हा आधी जवान असतो. त्याला संगीताचे शिक्षण मध्य प्रदेशातील पचमढीच्या लष्करी संगीत केंद्रात मिळते. युद्धकाळात मात्र बिगूल, ड्रम बाजूला ठेवून तो स्ट्रेचर उचलतो, जखमींना मागे आणतो. ही पद्धत ब्रिटिश काळापासूनची आहे. रणांगणावरील जखमींना इतक्या जवळून पाहणारे फार थोडे असतात.

पत्रे घरी कशी पोहोचत?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली. खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल येथे लढल्या. अनेकांना लिहिता येत नसे. ते दुसऱ्याकडून पत्र लिहून घेत आणि गावात ते कुणीतरी वाचून दाखवत असे. मध्ये सेन्सॉर बसलेला असे. त्याला चकवण्यासाठी काही जवान हिंदी शिपायांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणत.

मूळ पत्रे आज कुठे आहेत?

सेन्सॉरने निवडक उतारे इंग्रजीत करून आपल्या अहवालांना जोडले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यातील पत्रांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ पत्रे मात्र बहुतेक हरवली. म्हणजे जवानाचे बोल उरले ते तुकड्यांत, तेही परक्या भाषेत.

इराकमधील कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलेल्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले. त्यांच्यात कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली डॉक्टरही होते. ते कैदेत वारले. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या आधारे त्यांच्या आजीने ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक लिहिले. ते १९२८ मध्ये आले. एका घराने कागद जपले, म्हणून अभ्यासकांना आजही ते वाचता येते.

‘सर्व खुशाल’ एवढेच लिहिले असेल तर?

तरीही पत्र मोलाचे. आई-वडिलांना लिहिताना मुलगा रक्ताचे वर्णन करत नाही. तो पाऊस, भाताची लावणी, बैल, बहिणीचे लग्न विचारतो. काय लिहिले नाही, कोणत्या महिन्यात पत्र आलेच नाही, यातूनही युद्ध कळते. १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या पत्रांवर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढाच पत्ता दिसेल. तैनातीचे ठिकाण उघड होऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

घरच्यांनी काय करावे?

- पत्रांना लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये.
- पावसाळ्यातली ओल आणि वाळवी टाळण्यासाठी ती कोरड्या डब्यात सपाट ठेवावीत.
- दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचेही फोटो काढावेत.
- कुणी, कुणाला, केव्हा लिहिले, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून वेगळ्या कागदावर नोंदवावे.
- माजी सैनिकाची सेवाविषयक माहिती हवी असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. जुन्या कागदपत्रांच्या जतनाबद्दल राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे चौकशी करता येईल.
- अलीकडच्या काळातील पत्रे घरच्यांच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

शूरांची नावे स्मारकांवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. पण जखमींना खांद्यावर आणणाऱ्या वादकाचे नाव तिथे क्वचितच येते. त्याची नोंद आई-वडिलांच्या पत्त्यावर आलेल्या कागदावर असू शकते. आजचा जवान व्हिडीओ कॉल करतो आणि फोन बदलला की तो संवादही पुसला जातो. निदान जे कागदावर उरले आहे, ते रद्दीत जाऊ नये.