पुढच्या रांगांचा नायक

मनमोहन देसाईंच्या 'मर्द'मध्ये (१९८५) दारा सिंग घोडा दौडवत जातो, उड्डाण करू पाहणाऱ्या विमानाला दोराचा फास टाकतो आणि ते अडवून धरतो. पाठोपाठ तान्ह्या मुलाच्या छातीवर सुरीने चित्रपटाचे नाव कोरले जाते. तो मुलगा मोठेपणी अमिताभ बच्चन होतो, टांगा हाकतो आणि ब्रिटिश राजवटीला पुरून उरतो. असे घडू शकत नाही, हे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला पुरते ठाऊक होते. ज्याने जन्मभर पाठीवर ओझी वाहिली, त्याला वजन म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. तरीही तो टाळ्या पिटत होता. आज चाळीस वर्षांनंतरही तशा चित्रपटाला दिल्लीच्या पट्ट्यात गर्दी लोटते. ऑगस्ट २०२३ मध्ये 'गदर २' आला तेव्हा ते पुन्हा दिसले. त्याचे दिग्दर्शक अनिल शर्मा मथुरेचे, आणि 'हुकूमत' (१९८७) व 'ऐलान-ए-जंग' (१९८९) हे धर्मेंद्रचे दणदणीत चित्रपटही त्यांचेच. म्हणजे ही परंपरा मध्ये कुठे तुटलेलीच नाही.

या आकर्षणाची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक, प्रेक्षक अडाणी होता. दुसरे, आजचा प्रेक्षक जुन्या भडकपणाला हसायला जातो. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींत प्रेक्षकाचा अपमान आहे. खरे कारण शोधायचे तर ते चित्रपट कोणासाठी निघत होते, हे आधी पाहायला हवे.

१९८२च्या आशियाई खेळांनी दिल्लीला उड्डाणपूल, स्टेडियम आणि रंगीत दूरदर्शन दिले. त्याच सुमारास व्हीसीआर घरोघर शिरू लागला. कॅनॉट प्लेसच्या पोटातल्या पालिका बाजारात नव्या चित्रपटांच्या चोरट्या कॅसेटी मिळत. कॉलन्यांमध्ये शनिवारी रात्री भाड्याने व्हीसीआर आणायचा आणि पहाटेपर्यंत लागोपाठ चित्रपट बघायचे, अशी चाल पडली. ज्यांना हे परवडत होते, ती कुटुंबे थिएटरातून बायकामुलांसह उठून गेली. उत्पन्न घटले, तशी मालकांनी डागडुजी थांबवली; फाटलेल्या खुर्च्या तशाच राहिल्या. थिएटरात उरला तो आझादपूर मंडईतला हमाल, सदर बाजारचा हातगाडीवाला, ओखल्याच्या आणि फरिदाबादच्या कारखान्यांतला, गावाकडे घर ठेवून आलेला तरुण कामगार. ऐंशीच्या दशकातला हिंदी मारधाडपट मुख्यतः या माणसासाठी लिहिला गेला.

त्यात धंद्याचे गणितही होते. चित्रपट विकला जाई तो सर्किटांमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागांमध्ये, आणि दिल्ली-यूपी हे त्यांतले मोठे सर्किट. त्याच्या वितरकांच्या पेढ्या चांदणी चौकातल्या भागीरथ पॅलेसमध्ये. चित्रपट पुरा होण्याआधीच वितरकाकडून हप्त्याहप्त्याने आगाऊ पैसे येत आणि त्यावर पुढचे चित्रीकरण चाले. साहजिकच निर्माता मुंबईत बसत असला, तरी मारामाऱ्या किती हव्यात आणि नायकाची एंट्री कशी हवी, यावर भागीरथ पॅलेसचेही मत चाले. जुनाट ध्वनिक्षेपक, पंख्यांची घरघर, शिट्ट्या आणि आरडाओरडा या सगळ्यांतून शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचायचे, तर ठोशाचा आवाजही तोफेसारखा काढावा लागे. भडकपणाला त्या जागेची आणि त्या गर्दीची गरज कारणीभूत होती. कलेच्या अज्ञानाचे खापर फोडून विषय संपत नाही.

आणि त्यामागे जिवंत माणसांचे श्रम होते. संगणकाने आग लावण्याची सोय नव्हती. वीरू देवगण यांच्यासारखे फाईट मास्टर आणि त्यांच्या हाताखालची, नावही न झळकणारी मुले खरोखर काचेतून उड्या मारत आणि खऱ्या जिन्यावरून गडगडत. हे धोके किती खरे होते, ते 'कुली'ने दाखवले. जुलै १९८२ मध्ये बंगळुरूत पुनीत इस्सरबरोबरच्या हाणामारीच्या दृश्यात अमिताभला पोटात मार बसला आणि तो मरणाच्या दारात जाऊन परतला. डिसेंबर १९८३ मध्ये चित्रपट लागला, तेव्हा देसाईंनी नेमक्या त्या क्षणी चित्र गोठवले आणि इथेच नायकाला इजा झाली, हे पडद्यावर लिहून सांगितले. मारामारी सुरू असताना सारे थांबते, थिएटरला ती जागा दाखवली जाते आणि मग पुढचा ठोसा बसतो. शेवटी मरायचा असलेला नायक अपघातानंतर जिवंत ठेवला गेला. हाजी अलीच्या दर्ग्यात गोळ्या झेलूनही तो वाचतो, हे पाहताना प्रेक्षक कथेतल्या इक्बालबरोबर खऱ्या माणसाच्या वाचण्याचाही आनंद साजरा करत होता. हा अनुभव घरच्या पेटीवर मिळणारा नव्हता.

पण या चित्रपटांचे मर्म आवाजाहून खोल आहे, आणि ते समजायला १९८३च्याच एका वेगळ्या चित्रपटाकडे वळावे लागते. 'अर्धसत्य'ची कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. वास्तववादाचा हा मानदंड. त्यातला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर सगळे कायदेशीर मार्ग थकल्यावर रामा शेट्टीचा गळा आवळतो. म्हणजे तेंडुलकरांचा नायकही अखेर तिथेच पोहोचतो, जिथे देसाईंचा कुली पोहोचतो. जखम एकच आहे. गुन्हेगार सर्वांना माहीत आहे आणि त्याला हात लावणारे कोणी नाही. फरक त्यानंतरचा. वेलणकर ठाण्यात जाऊन स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो आणि आपण सुन्न होऊन घरी जातो. मारधाडपटात गर्दी नायकाला खांद्यावर घेते. रामा शेट्टी झालेले नगरचे सदाशिव अमरापूरकर चारच वर्षांत 'हुकूमत'मध्ये धर्मेंद्रसमोर खलनायक म्हणून उभे राहिले, तेव्हा या दोन चित्रपटसृष्टींमधली भिंत किती पातळ आहे, हे मराठी प्रेक्षकाला तरी दिसायला हवे होते. एन. चंद्रांनी 'अंकुश', 'प्रतिघात' आणि 'तेजाब' हे तीन चित्रपट लागोपाठ त्याच भिंतीवरून चालत केले.

दिल्लीला ही जखम जरा जास्तच ओळखीची होती. १९८४च्या नोव्हेंबरात शिखांची कत्तल झाली. मारणाऱ्यांची आणि चिथावणाऱ्यांची नावे त्रिलोकपुरीपासून सुलतानपुरीपर्यंतच्या गल्ल्यांत लोक उघड घेत होते. काँग्रेसचे नेते सज्जन कुमार यांना त्या हिंसाचारात दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये, चौतीस वर्षांनी. मे १९८५ मध्ये याच शहरात ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले. अशा काळात 'शहेनशाह' (१९८८) लागतो. त्यात खलनायक जे. के.चा शेवट भर न्यायालयात होतो, गळ्यात फास अडकून, न्यायाधीशांच्या आणि जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत. पटकथेची तर्कशुद्धता इथे शोधू नये. शिक्षा व्हावी, लवकर व्हावी आणि आपल्याला दिसावी, ही इच्छा त्या दृश्यात आहे. ज्याच्या वाट्याला तीस हजारी न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या फक्त तारखा आल्या, त्याला ते दृश्य खोटे वाटले नाही.

या चित्रपटांचा मोठा दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांत बाई बहुतेक वेळा नायकाच्या संतापाचे निमित्त म्हणून येई. बहिणीवर अत्याचार झाला की दुसऱ्या भागाची मारामारी सुरू होई, आणि तो अत्याचारही कॅमेरा रेंगाळत दाखवी. 'प्रतिघात'सारख्या चित्रपटाने कॉलेजात शिकवणाऱ्या बाईच्या हाती कुऱ्हाड दिली, पण त्याआधी तिची भररस्त्यात विटंबना दाखवलीच. दिल्लीच्या थिएटरांत स्त्रियांनी एकटीने जाऊ नये, अशी स्थिती त्या काळात झाली, त्याला केवळ फाटक्या खुर्च्या जबाबदार नव्हत्या. या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्याने हे मान्य केले पाहिजे.

मग आज त्या पद्धतीचे चित्रपट पुन्हा चालतात, त्यात नवे काय? अतिशयोक्ती तीच आहे, किंबहुना संगणकामुळे ती स्वस्त झाली आहे. बदलला आहे तो नायकाचा जन्म. 'कुली'चा नायक स्टेशनवरचा हमाल होता, 'मर्द'चा टांगेवाला. 'अर्जुन'मधला (१९८५) सनी देओल नोकरी नसलेला पोरगा होता. जावेद अख्तरांच्या त्या पटकथेत मित्राचा खून भरपावसात, काळ्या छत्र्यांच्या गर्दीत होतो, आणि मारेकऱ्यांपेक्षा त्यांचा वापर करणारा पुढारी जास्त भयंकर ठरतो. शत्रू आपल्या गल्लीतला, आपल्या मतदारसंघातला होता. शाहरुख खानच्या 'पठाण'सारख्या आजच्या चित्रपटाचा नायक गुप्तहेर आहे. त्याच्या मागे सरकारी यंत्रणा आणि उपग्रह उभे असतात. शत्रू बहुधा सीमेपलीकडचा, नाहीतर फितूर झालेला जुना सहकारी. हमालाच्या हातून सुटलेला ठोसा आता राज्ययंत्रणेच्या वतीने बसतो. शाहरुखचाच 'जवान' शेतकऱ्याची आत्महत्या आणि सरकारी इस्पितळातली मुलांची मरणे यांवर बोलला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, यावरून ती जुनी भूक शमलेली नाही, एवढे कळते.

थिएटरचेही असेच झाले. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कच्या उपहार थिएटरमध्ये सनी देओलचा 'बॉर्डर' सुरू असताना आग लागली आणि ५९ माणसे गुदमरून मेली. बाल्कनीच्या उजव्या अंगाची बाहेर पडायची वाट खासगी बॉक्ससाठी बंद केलेली होती. त्याच वर्षी साकेतमध्ये देशातला पहिला मल्टिप्लेक्स सुरू झाला. मुलांना गमावलेल्या आईबापांनी उपहारचा खटला दोन दशकांहून अधिक काळ लढवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मालक बंधूंना प्रत्येकी तीस कोटींचा दंड भरायला लावून मोकळे केले, तेव्हा त्या आईबापांच्या चेहऱ्यावर जे होते, ते ऐंशीच्या दशकातल्या कोणत्याही पटकथाकाराला ओळखता आले असते.

त्यानंतर दिल्लीचे एकेक जुने थिएटर मिटत गेले. चाणक्य २००७ मध्ये बंद झाले. १९३२ पासूनचे रीगल ३० मार्च २०१७ रोजी राज कपूरचे चित्रपट दाखवून थांबले. सत्तर एमएमच्या पडद्याचे पहाडगंजचे शीलाही त्याच वर्षी गेले. डिलाइट मात्र टिकले, कारण त्याच्या मालकांनी वेळीच पैसा घालून ते सुधारले, आणि जुन्या दिल्लीतली कुटुंबे अजून तिथे मोठा समोसा हातात घेऊन मध्यंतर घालवतात. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सवलत योग्य आहे, पण ती ज्यांच्यासाठी आहे त्या आझादपूरच्या हमालाला शंभर रुपयांत खुर्ची देणारे पडदे शहरात मोजकेच उरले आहेत. उरलेल्या एकपडदा थिएटरांना परवाने, वीज आणि दुरुस्तीची कर्जे यांत सरकारने हात दिला नाही, तर ती कर-सवलत कागदावरच राहील.