उंबरठ्यापलीकडील केर

ज्या घरांत सडासंमार्जन झाल्याशिवाय चूल पेटत नाहीं आणि न धुतल्या हातानें कोणी हंड्यास शिवलें तर वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, अशा घरांतून आमचे बहुतेक वाचक आहेत, व आम्हीही तसल्याच घरांतले. स्वच्छतेचा पाठ आपणांस दुसऱ्यानें द्यावा असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. मागील हिवाळ्यांत सहकुटुंब बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारास गेलों, तेव्हां हा समज तेथेंच टाकून यावें लागलें.

लोणारचें विवर आकाशांतून कोसळलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या कातळांत पडलेलें. रुंदी सुमारें १.८ किलोमीटर. कांठावरून पाहिलें म्हणजे एखाद्या प्रचंड परातीच्या तळाशीं पाणी राहिल्यासारखें दिसतें. उपमा स्वयंपाकघरांतली खरी, पण चुकीची नाहीं. कारण या परातीस सांडवा नाहीं. पावसाचें व झऱ्यांचें पाणी आंत येतें, आणि वाफ होऊन उडून जाण्यावांचून त्यास दुसरी वाट नाहीं. क्षार तेवढे मागें राहतात. २०२० च्या जूनमध्यें तें पाणी गुलाबी झालें तेव्हां नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं, तो रंग अतिखारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. त्याच वर्षीं सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें.

सांगावयाचें तें इतकेंच कीं, येथें जें आंत गेलें तें आंतच राहतें. गांव अगदीं कांठाशीं वसलेलें. त्याचें सांडपाणी उतारानें सरोवरास मिळतें हें गाऱ्हाणें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलें. तेथील मोऱ्या रोज घासल्या जात नसतील असें थोडेंच आहे? मोरी निर्मळ झाली, पाणी दृष्टिआड झालें, घर स्वच्छ! तें गेलें कोठें, हें पाहावयास सहसा कोणी जात नाहीं; आणि आमच्यासारखे गृहस्थ तर मोरीकडेही पाहत नाहींत.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्याची सोयही आम्हांस उरली नाहीं. कांठावर शिदोरी सोडली. सतरंजीवर भाताचें शीतही सांडूं दिलें नाहीं. जेवणानंतर संत्र्यांच्या साली व कागद एका प्लास्टिकच्या पिशवींत कोंबून तें बोचकें आम्हीं स्वतः उतारावर भिरकावलें. साली विखुरल्या. पिशवी काटेरी झुडपास अडकली आणि आम्ही उठेपर्यंत डोळ्यांसमोर फडफडत राहिली. उतरून काढावी तर पाय ठरेना.

परततांना शेगांवीं दर्शन घेतलें. १८७८ सालीं गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरील शितें वेंचून खातांना, असें सांगतात. आज तेथें एवढी गर्दी लोटते, पण फरशीवर केर दिसत नाहीं. पांढऱ्या वेषांतील एक सेवेकरी आमच्या पायांपाशीं वांकून कागदाचा कपटा उचलूं लागला, तेव्हां आम्हीं पाय मागें घेतले. हात मात्र पुढें केला नाहीं.

घरीं आल्यावर प्रथमच मोरीच्या पाण्यामागोमाग चालत गेलों. मागील भिंतीखालून, शेजाऱ्यांच्या परसाच्या कडेनें, थेट ओढ्यांत! धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हें मीं दोन वर्षांपूर्वींच सांगितलें होतें." येत्या रविवारीं परसांत शोषखड्डा खणावयाचा ठरला आहे. तळाशीं दगड, वर विटांचे तुकडे व वाळू, एवढें साहित्य आणून पडलें. घरांतील चार पुरुषांपैकीं दोघांची कंबर आतांपासूनच दुखूं लागली आहे.