मणक्यात ‘गॅप’ हाय म्हणावं

ऑफिसमध्ये पाठ कुणाची दुखत नाही? आता ती तक्रारसुद्धा राहिलेली नाही, ओळख झालीय. खुर्ची बेकार, लॅपटॉपची बॅग जड, बाइकवर रोजचे तीस किलोमीटर आणि वर खड्डे. उपायही ठरलेले. स्प्रे, बेल्ट, एचआरकडे नव्या खुर्चीची मेल, आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी फुकट शिकवलेलं भुजंगासन. बहुतेकांची पाठ यातून सुटतेही. प्रॉब्लेम तोच आहे. जिची सुटत नाही, ती या गर्दीत ओळखूच येत नाही.

माझ्या एका मित्राची सुटली नाही. पोरगा मूळचा हट्ट्याचा. हिंगोली जिल्हा, वसमत तालुका, हळदीचा पट्टा. नोकरी हिंजवडीत. तीन महिने तो पेनकिलरवर काम ओढत होता. वजन सहा किलो उतरलं, तर टीमने ‘कोणतं डाएट रे?’ म्हणून विचारलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, त्याचं खापर एसीवर. दुखणं मात्र उलटं वागत होतं. कामाने दमलेली पाठ आडवं झालं की शांत होते, याची रात्री तीनला जागं करायची. मग पायात मुंग्या सुरू झाल्या, आणि एमआरआय झाला. कमरेचे दोन मणके आणि मधली चकती कुरतडलेली, बाजूच्या स्नायूत पू.

टीबी.

‘पण खोकला कुठंय?’ हा प्रश्न त्याला त्या आठवड्यात निदान वीस जणांनी विचारला असेल. खोकला नसतोच, बॉस. टीबीचे जंतू रक्तातून हाडापर्यंत पोचतात, आणि हाडांमध्ये त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे मणका. चकतीच्या दोन्ही बाजूंची हाडं पोखरत जातात. गळू होतं, पण लाल नाही, गरम नाही, म्हणून डॉक्टर त्याला थंड गळू म्हणतात. कमरेत झालेलं गळू स्नायूच्या वाटेने पार जांघेपर्यंत उतरतं. मणक्याला इतर जंतूंचाही संसर्ग होतो, विशेषतः डायबेटिस किंवा डायलिसिसवाल्यांना. आपल्याकडे मात्र डॉक्टर आधी टीबीचाच विचार करतात. पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या सर्जनने १७७९ मध्ये या आजारावर आणि त्यातून लुळ्या पडणाऱ्या पायांवर लिहिलं. त्याच्या नावावरून याला आजही पॉट्स डिसीज म्हणतात.

हा फक्त गरिबांचा आजार असं वाटत असेल तर अमिताभ बच्चन आठवा. २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू होत होतं, तेव्हाच त्यांना मणक्याचा टीबी निघाला. पुढे टीबीच्या मोहिमेत त्यांनी हे स्वतःच जाहीर सांगितलं. सगळा देश ‘लॉक किया जाए’ ऐकत होता तेव्हा समोरचा माणूस पेनकिलर घेऊन त्या खुर्चीवर बसत होता. (आणि आपण खुर्चीबद्दल एचआरला मेल टाकतो!)

तर, ऑपरेशन. पूर्वी ऑपरेशन म्हणजे मोठा मामला. हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अशी, की छाती किंवा पोट उघडून समोरून मणक्यापर्यंत जायचं, सडलेलं काढायचं आणि तिथे हाडाचा तुकडा बसवायचा. मग १९७५ मध्ये बनारसच्या डॉ. तुली यांनी मधला मार्ग मांडला. औषध सगळ्यांना, सुरी फक्त ज्यांना गरज आहे त्यांना. मुंबईतून डॉ. शेखर भोजराज आणि डॉ. अभय नेने यांनी २००२ मध्ये कमरेच्या टीबीत ऑपरेशन नक्की कुणाला लागतं, हे पुन्हा तपासणारा अभ्यास छापला. थोडक्यात, आपल्याकडच्या डॉक्टरांनी सुरी खाली ठेवायलाही शिकवलं.

आता तिसरी गोष्ट आलीय, जिला गावाकडे सरसकट ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात. त्यात बरेच प्रकार आहेत. सगळ्यात साधा म्हणजे सीटी स्कॅनवर बघत सुई नेमकी गळवात घालायची, तुकडा तपासणीला काढायचा आणि पू वाहायला बारीक नळी ठेवायची. त्याच्या पुढे सेंटिमीटरभर छेदातून खरी दुर्बीण आत घालून सडलेला भाग साफ करणं. मणके डळमळीत असतील तर स्क्रू आणि सळ्याही छोट्या छेदांतून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बसवतात. पाठीचे स्नायू सोलावे लागत नाहीत, रक्त कमी जातं, माणूस लवकर उभा राहतो. सडलेल्या जागी लोखंड कसं घालता, ही शंका डॉक्टरांनाही होती. १९९३ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की टीबीचा जंतू स्टीलला फारसा चिकटत नाही.

माझ्या मित्राला एका चकचकीत ठिकाणी पहिल्याच भेटीत स्क्रूचं पॅकेज सांगितलं गेलं. ‘छोटा छेद, तीन दिवसांत घरी.’ दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बघितली, पायांची ताकद तपासली आणि म्हणाले, मणके धरून आहेत, आधी सुई. जागा बधीर करून सुई घातली, नळी चार दिवस राहिली. माझ्या मते सगळ्यात मोलाचा होता तो बाहेर आलेला तुकडा. त्यावरून सीबीनाट तपासणीत दोनेक तासांत कळतं की जंतू टीबीचाच आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का. नाहीतर चुकीच्या गोळ्यांवर महिने जातात. पाय लुळे पडायला लागले, लघवीवरचा ताबा गेला किंवा कणा वाकत चालला, तर मात्र थांबायचं नसतं. तेव्हा ऑपरेशन लागतं, कधीकधी जुन्या पद्धतीचं मोठंसुद्धा. छेद लहान आहे की मोठा, हा प्रश्न नंतरचा. ब्रोशरवर तो पहिला असतो, एवढंच.

आणि कुठलंही ऑपरेशन झालं तरी गोळ्या चुकत नाहीत. हाडाच्या टीबीला साधारण वर्षभर, कधी दीड वर्ष. पहिले दोन महिने चार औषधं, मग तीन. सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात येतात. दोन-तीन महिन्यांत पाठ दुखायची थांबते, आणि लोक गोळ्या सोडतात ते नेमके तेव्हाच.

मित्र घरून काम करायला हट्ट्याला गेला. मार्चमध्ये मी त्याला भेटायला गेले, परभणीला उतरून पुढे एसटी. गावात हळद शिजत होती, हवेत तोच वास, अंगणभर वाळत घातलेली हळकुंडं. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यावर पोरगा म्हणाला, ‘आमच्याकडं सगळंच हळदीचं.’ पाठ ठीक होती. अवघड होतं ते घर. बहिणीचं स्थळ बघणं चालू होतं, म्हणून त्याच्या आईने सगळ्यांना एकच उत्तर ठरवून दिलं होतं. ‘कुणी इचारलं तर मणक्यात गॅप हाय म्हणावं.’ फुफ्फुसात टीबी नसेल तर मणक्यातला खोकल्यातून पसरत नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलाने सांगितलं होतं, मीही सांगून बघितलं. ‘तुमचं खरं हाय बाळा, पर पाव्हण्याला कोण सांगंल?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची एक बाई आली. हळद काढणीला जाणारी, चाळिशीची. ‘मलाबी गॅपच हाय म्हणत्यात. पोती उचलून झालाय,’ म्हणाली. मग हळूच, ‘पर रातीच दुखतंय. आन् दोन महिनं झालं, जेवण जात नाही.’ मित्र माझ्याकडे बघायला लागला. त्याची आई पदराने हळकुंड पुसत होती. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, ‘याला गॅप नव्हता, माय. टीबी हाय. तूबी नांदेडला दाखव.’

बाईचा एक्स-रे वसमतला आधीच झाला होता, साफ. पण हाडाचा बराचसा भाग झिजेपर्यंत एक्स-रेत हा आजार दिसत नाही. नांदेडच्या शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेजात मित्राचा भाऊ तिला घेऊन गेला. रक्त आणि छातीचा एक्स-रे झालाय. एमआरआयची तारीख पुढच्या मंगळवारची मिळालीय.