रंगारी येण्याआधी संगणकाचा पडदा

दसरा-दिवाळी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी पुट्टी घासण्याचा आवाज सुरू होतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींना हाच काळ सोयीचा. कपाटे मध्यभागी ओढली जातात, देव्हाऱ्यावर कापड पडते. संगणकाकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जाते, तेही रंगारी शिडी घेऊन दारात उभा राहिल्यावर. मग जो हाताला लागेल तो मॉनिटर उचलतो.

आमच्या गल्लीतल्या एका घरी गेल्या वर्षी हेच झाले. मुलगी घरून नोकरी करणारी. रंगाऱ्याबरोबरच्या पोराने मॉनिटर उचलून काच खाली करून फरशीवर ठेवला. खाली वाळलेल्या पुट्टीचा एक खडा होता. काच वरून साबूत दिसत होती, पण सुरू केल्यावर आत काळा डाग आणि उभ्या रंगीत रेघा. दुरुस्तीवाल्याने सांगितले, पॅनेल बदलायचे तर जवळजवळ नव्या मॉनिटरचेच पैसे पडतील. मुलीचे आठवडाभराचे काम अडले, आणि पोराच्या मजुरीतून पैसे कापायचे का यावर घरात वाद झाला तो वेगळाच. माझे मत विचाराल तर कापू नयेत. आपली वस्तू आपणच आधी हलवायची असते.

आता हलवायची कशी? संगणक रीतसर बंद करा, झोपवून ठेवू नका. मग बटण बंद, मग वायर काढा. आपल्याकडे एक गोष्ट नेहमी विसरली जाते: मेन स्विच बंद केला तरी यूपीएस वीज देतच राहतो, आणि इन्व्हर्टरवर असलेले प्लगही जिवंत राहतात. म्हणून यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, आणि भिंतीतले बोर्ड उघडायचे असतील तर इन्व्हर्टरचीही आठवण इलेक्ट्रिशियनला करून द्या.

वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाईलवर एक फोटो घ्या. निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरीला दोन बाजूंना स्क्रू असतात. ते सैल केल्याशिवाय ओढू नका. आत तीन रांगांत बारीक पिना असतात, त्या वाकल्या की चित्राचा रंगच बिघडतो. एचडीएमआय सरळ ओढली की निघते. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा छोटी कळ असते, ती दाबूनच काढावी.

उचलताना दोन्ही हात कडांना. अंगठा काचेवर दाबू नका. पातळ काचेच्या दोन थरांत हा सगळा खेळ असतो, दाब त्याला सोसत नाही. आपल्याकडे कामगाराशी निम्मे बोलणे कन्नडमध्ये होते, पण ‘सावकाश’ हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. ‘सावकाश हिडीरी’ म्हटले की पुरते. स्टँड काढायचा असेल तर पलंगावर घडी केलेली गोधडी पसरून त्यावर मॉनिटर पालथा घाला. एरवी उभाच ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, दुसऱ्या खोलीत. नुसत्या चादरीतून पुट्टीची धूळ आत जाते. घासकाम चालू असताना संगणक सुरू करूच नका. पंखा ती धूळ आत ओढून घेतो.

परत बसवताना भिंत कोरडी होऊ द्या. धूळ बसली असेल तर आधी मऊ ब्रशने झटका. पुट्टीचे कण फडक्याने घासले तर ओरखडे पडतात. मग किंचित ओलसर मऊ फडके. काचा पुसायचे द्रव किंवा स्पिरिट वापरू नका.

भिंतीवर टांगायचा असेल तर मागच्या चार भोकांमधले अंतर मोजा. बहुतेक मॉनिटरांत ते ७५ किंवा १०० मिलिमीटर असते. स्क्रू एम-४ मापाचे, पण लांबी पाहूनच घ्या, जास्त लांब स्क्रू आतल्या भागात घुसतो. जुन्या मातीच्या भिंतीवर टांगण्याच्या मी तरी विरोधात आहे; टेबल बरे.

वायरी जोडून मगच वीज सुरू करा. ‘नो सिग्नल’ आले तर घाबरू नका, पडदा चांगला आहे. वायर घट्ट बसली का, मॉनिटरच्या मेनूत योग्य जागा निवडली का, ते बघा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्याच्याच तोंडाला लावावी लागते. वरच्या तोंडाला लावून लोक तासभर डोके धरून बसतात.

माळ्यावर जुना, पाठ फुगलेला मॉनिटर असेल तर दोघांनी उतरवा, जड काचेची बाजू छातीकडे ठेवून. त्याचे झाकण उघडू नका. आतली नळी निर्वात असते आणि वीज काढल्यावरही आत भार शिल्लक राहू शकतो. तो भंगारवाल्याला फोडायला न देता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.