पुनरागमनाचा हक्क

इंग्लंडमधील रॉयल लिदम अँड सेंट ॲन्सच्या मैदानावर २ ऑगस्ट २००९ रोजी कॅट्रिओना मॅथ्यू यांनी महिलांची ब्रिटिश ओपन तीन फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हा त्यांची धाकटी मुलगी जेमतेम अकरा आठवड्यांची होती. चाळिशीला महिनाही उरला नव्हता. महिला गोल्फमधील मेजर स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्कॉटिश खेळाडू ठरल्या. काही अघटित घडावे तसे जगभर त्या विजयाचे कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. पण त्याखाली मॅथ्यू यांची दोन दशकांची मेहनत झाकली गेली आणि खेळ चालवणाऱ्यांची जबाबदारीही.

एडिंबराच्या पूर्वेला समुद्रकाठी वसलेल्या नॉर्थ बेरिक गावात त्या खेळ शिकल्या. किनाऱ्यावरच्या मैदानांवर वारा सतत दिशा बदलतो. तिथे ताकदीपेक्षा अंदाज आणि संयम कामी येतो. मॅथ्यू यांच्या खेळाची ओळखही तीच. स्टर्लिंग विद्यापीठात त्यांनी लेखाशास्त्राचे शिक्षण घेतले, १९९३ मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपद पटकावले आणि मग अमेरिकेचा व्यावसायिक दौरा गाठला. तिथले पहिले विजेतेपद मिळायला २००१ साल उजाडले. २००३ मध्ये स्वीडनमध्ये युरोपला अमेरिकेविरुद्धचा सांघिक सोलहाइम चषक मिळवून देणारा पुट त्यांचाच. जानेवारी २००९ मध्ये पाच महिन्यांच्या गरोदर असताना त्यांनी ब्राझीलमधील स्पर्धा जिंकली. लिदमच्या आदल्याच आठवड्यात फ्रान्समध्ये त्या उतरलेल्या हॉटेलला आग लागली आणि त्यांचे कॅडी असलेल्या पतीचे पाय भाजले. तरीही लिदमला दुसऱ्या फेरीत बाराव्या होलवर त्यांचा चेंडू पहिल्याच फटक्यात आत गेला. हे दैवाचे दान नव्हते, अंगात मुरलेले कसब होते.

त्यांच्या गावापासून काही किलोमीटरवर म्यूरफिल्डचे विख्यात मैदान आहे. तिथल्या क्लबात स्त्रियांना सदस्यत्व नव्हते. २०१६ मध्ये मतदान झाले, पण आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत जमले नाही. स्कॉटलंडला मेजर विजेती मिळून तोवर सात वर्षे लोटली होती! पुरुषांच्या ओपनचे यजमानपद हातचे जाताच २०१७ मध्ये दुसरे मतदान झाले आणि दार उघडले. ऑगस्ट २०२२ मध्ये महिलांची ओपन तिथे प्रथमच भरली, तेव्हा पहिला फटका मारण्याचा मान मॅथ्यू यांना देण्यात आला. तो त्यांचा होताच. उशीर क्लबाने केला.

क्लबाचे दार दिसते तरी. करारातली कलमे दिसत नाहीत. व्यावसायिक गोल्फर नोकरदार नसते. खेळली नाही तर कमाई नाही, आणि ठरावीक स्पर्धा चुकल्या की प्रायोजकही रक्कम कापतात. अमेरिकी दौऱ्यावर १९९३ पासून फिरते पाळणाघर आहे. ही सोय मोलाची, पण बाळंतपणाच्या महिन्यांचे काय? २०१८ मध्ये गरोदर असलेल्या गोल्फर स्टेसी लुईस यांना एका प्रायोजकाने पूर्ण रक्कम देण्याचे जाहीर केले, तर त्याची ठळक बातमी झाली. दौऱ्याने प्रसूतीविषयक नियम सुधारले ते २०१९ मध्ये, म्हणजे लिदमनंतर दहा वर्षांनी.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधील ग्लेनइगल्सला सोलहाइम चषकात मॅथ्यू युरोपच्या कर्णधार होत्या. बाळंतपणामुळे दीड वर्षाहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिलेल्या सुझान पेटर्सन यांना त्यांनी आपल्या अधिकारात संघात घेतले. टीका झाली. शेवटच्या दिवशी चषकाचा निर्णय पेटर्सन यांच्या अखेरच्या पुटवर येऊन ठेपला. तो आत गेला आणि युरोपने साडेचौदा विरुद्ध साडेतेरा गुणांनी बाजी मारली. चेंडू बाहेर राहिला असता, तरी ती निवड योग्यच ठरली असती. रजेच्या काळात खेळाडूचे कौशल्य संपत नाही, हे मॅथ्यू स्वानुभवाने जाणत होत्या. २०२१ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या भूमीवर चषक राखला. युरोपच्या दुसऱ्या कोणत्याही कर्णधाराला त्याआधी दोनदा विजय मिळाला नव्हता.

अकरा आठवड्यांत मैदानावर उतरणे हा मॅथ्यू यांचा निर्णय होता. ती इतर खेळाडूंसाठी अट होता कामा नये. प्रसूतीच्या काळातील पूर्ण मानधन आणि परतल्यावर तेच मानांकन प्रत्येक प्रायोजकाने आणि प्रत्येक दौऱ्याने करारात लिहून द्यावे.