पाणी किती, यासोबत पाणी केव्हा हेही विचारू या



'धरणाचे फायदे लिहा' हा प्रश्न आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. सिंचन, वीज, पिण्याचं पाणी, पूरनियंत्रण. चार मुद्दे, पैकीच्या पैकी गुण! यातला 'पूरनियंत्रण' हा मुद्दा मात्र मला खटकतो. तो चुकीचा आहे म्हणून नव्हे, अर्धवट आहे म्हणून. पूर म्हणजे फक्त संकट, एवढंच मुलं त्यातून शिकतात. नदीत राहणाऱ्यांना पूर कसा वाटतो, हे कुणी विचारतच नाही.

अमेरिकेत ग्रीन नावाची नदी आहे, कोलोरॅडो नदीची उपनदी. तिच्यात रेझरबॅक सकर नावाचा मासा राहतो. डोक्यामागे उंच, धारदार कुबड, म्हणून हे नाव. हा मासा 40 वर्षांहून जास्त जगू शकतो. 1991 मध्ये तो तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. गंमत बघा, म्हातारे मासे नदीत होते, ते अंडीही घालत होते, पिल्लंही बाहेर येत होती. पण ती मोठी होत नव्हती. जणू गावात आजी-आजोबा आहेत आणि शाळेत पहिलीचा वर्गच भरत नाही!

असं का झालं? वसंतात बर्फ वितळलं की ग्रीन नदीला पूर यायचा. पाणी काठ ओलांडून शेजारच्या पाणथळ जागांत शिरायचं. जेमतेम एक सेंटिमीटरची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत तिथे पोचायची. संथ, कोमट पाणी आणि भरपूर खाणं, म्हणजे त्यांची बालवाडीच ती. 1960 च्या दशकात फ्लेमिंग गॉर्ज धरण झालं आणि हा पूर आटोक्यात आला. बालवाडीचं दार बंद झालं. त्यात बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी नदीत उरलेली पिल्लं खाऊन टाकली.

मग धरणातून वसंतात जास्त पाणी सोडायचं ठरलं. कधी सोडायचं? तर यांपा ही मोठी उपनदी ऐन पुरात असेल तेव्हा, म्हणजे दोन्ही पाणी मिळून पूर मोठा होईल. हिशेब बरोबर वाटतो ना? पण संशोधकांनी पिल्लांच्या तारखा तपासल्या, तेव्हा लक्षात आलं की पुष्कळ वर्षी पूर आधी येऊन जात होता आणि पिल्लं नंतर अवतरत होती. पाणी होतं, वेळ चुकत होती.

म्हणून 2012 पासून नवा प्रयोग सुरू झाला. रात्री नदीच्या संथ कडेला दिव्याचे सापळे लावतात. उजेडाकडे पिल्लं येतात. पहिली पिल्लं सापडली की धरण चालवणाऱ्या खात्याला निरोप जातो आणि पाणी सोडलं जातं! पाणथळीच्या तोंडाशी जाळ्या असतात. त्यातून इवली पिल्लं आत जातात, मोठे शिकारी मासे बाहेर राहतात. उन्हाळाभर पिल्लं वाढतात, मग मोजून नदीत सोडतात. स्टुअर्ट लेक नावाच्या पाणथळीत अशी नदीत जन्मलेली पिल्लं खरोखर वाढली. सगळं सुटलं असं नाही. हॅचरीत वाढवलेले मासे अजूनही सोडावे लागतात. पण तोच पूर योग्य दिवशी आला तर काय होतं, हे कळलं.

'अमेरिकेतला मासा आमच्या मुलांना कशाला?' असं कुणी म्हणेल. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, रायगडकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. अंड्यांनी भरलेले हे मासे नदी सोडून ओढ्यात, भातखाचरात चढतात. का? तिथेच पिल्लांना संथ पाणी आणि खाणं मिळतं. आपल्या आजोबांना हे वेळापत्रक ठाऊक होतं. आणि नेमके त्याच वेळी आपण ते मासे टोपल्या भरून पकडतो, हेही खरं.

पावसाळ्यात 'धरणातून इतके क्युसेक विसर्ग' ही बातमी मुलं रोज ऐकतात. त्या आकड्यावर गणित घालाच, पण एक प्रश्न जोडा: हे पाणी आज सोडलं, महिन्याने सोडलं असतं तर कुणाला काय फरक पडला असता? शेतकरी, काठावरचं गाव, मासा, अशा तीन बाजूंनी मुलांना बोलू द्या. घरी आजी-आजोबांना विचारून या म्हणावं, चढणीचे मासे पूर्वी कधी यायचे, आता येतात का? (पुराच्या पाण्याजवळ मात्र मुलांना मुळीच पाठवू नका.)

अभ्यासक्रम संपवायचा असतो, तासिका अपुऱ्या पडतात, सगळं मान्य. पण याला वेगळा तास लागत नाही. धरणाचाच धडा, फक्त एक प्रश्न जास्त. उद्या धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे आपल्याच वर्गातली कुणी मुलं ठरवणार आहेत. फायद्यांचे चार मुद्दे त्यांना येतीलच. ठरवण्याआधी नदीत डोकावून बघायची सवय मात्र आपणच लावायला हवी.