येवल्याची ओळख पैठणीच्या दुकानांपुरती नको

तालुक्याचं गाव म्हणजे तहसील, बाजार समिती आणि बसस्थानक, एवढ्यावर येवला कधीच भागलेलं नाही. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस अख्खं गाव पतंगासाठी गच्चीवर असतं, रंगपंचमीला टिळक मैदानात रंगांचे सामने होतात आणि नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेकडे माणसांची रीघ लागते. या उत्साहाचं कौतुक व्हायलाच हवं. पण गाव एकत्र येतं म्हणजे त्यात कोणाकोणाला जागा असते, हा प्रश्न येवल्याने तरी टाळू नये. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षं चालूनही दरवाजे उघडले नाहीत. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती याच येवल्यात. आज ती जागा मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते.

सणासुदीच्या गावात हा जुना विषय कशाला, असं काही जण म्हणतील. विषय जुना असता, तर दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जमले नसते. शिवाय गावानेच दाखवलेली एक वाट इथे महत्त्वाची आहे. पैठणीचा माग पूर्वी प्रामुख्याने खत्री, साळी, कोष्टी अशा मोजक्या समाजांच्या घरांत असे. आता इतर समाजांतली मुलंही विणायला बसतात आणि नागड्यासारख्या आसपासच्या गावांतही मागाचा आवाज येतो. मागणी वाढली म्हणून हे घडलं, त्यात समतेचा विचार नव्हता, हा आक्षेप बराचसा खरा आहे. तरीही जातीच्या भिंतीआड राहिलेलं कसब पोटापाण्याच्या गरजेने बाहेर आलं, हे काही थोडं नाही. मात्र माग खुला झाला म्हणून काम संपत नाही. महिनोन्‌महिने खपून पदरावर मोर उतरवणाऱ्या विणकराला आणि कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईला साडीच्या किमतीतला किती वाटा मिळतो, यावरच त्या खुलेपणाची किंमत ठरेल.

शिर्डीच्या वाटेवर पैठणीसाठी येवल्यात थांबणाऱ्यांना मुक्तिभूमीचा रस्ताही तितक्याच अभिमानाने दाखवला गेला पाहिजे. नगरपालिकेने, व्यापाऱ्यांनी आणि सण साजरे करणाऱ्या मंडळांनी ही जबाबदारी मिळून उचलावी.